ससा शिंकला

मराठी माणसाला माशी शिंकल्याचं फार लवकर कळतं. जमत आलेलं लग्न फिसकटलं, हातातोंडाशी आलेली बढती हुकली, की तो ताबडतोब म्हणतो, “कुठं तरी माशी शिंकली.” माशीला नाक असतं का, असलंच तर तिला पडसं होतं का, याची चौकशी कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माणूस शिंकला तर काय करायचं हेही आपल्याकडे ठरलेलं आहे. बोलता बोलता शिंक आली तर “सत्य आहे” म्हणायचं आणि बाहेर निघताना आली तर परत फिरून घोटभर पाणी पिऊन बसायचं. पण ससा शिंकला तर काय करायचं, याविषयी आपल्या पूर्वजांनी काहीही सांगून ठेवलेलं नाही. शशशृंग, म्हणजे सशाचं शिंग, या नसलेल्या वस्तूवर आमच्या शास्त्रीपंडितांनी शेकडो वर्षं काथ्याकूट केला. त्या न उगवलेल्या शिंगाच्या चार बोटं खाली असलेल्या नाकाकडे मात्र एकानंही ढुंकून पाहिलं नाही.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत पाडणारा ससा आणि आमच्या घरी पडवीत बसून कोथिंबीर खाणारा ससा हे एकमेकांचे फार लांबचे नातलग. आपला रानातला ससा बीळ करत नाही, उघड्यावर राहतो आणि माणसाशी जन्मात जमवून घेत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळताही येत नाही. पिंजऱ्यात पाळतात तो ससा मूळचा स्पेनकडचा, बिळं खणणारा. मराठीनं या दोघांनाही ‘ससा’ म्हणून एकाच खोलीत कोंबलं. चाळीत राहिलेल्या भाषेला तेवढी सवय असतेच.

तर हा स्पेनकडचा पाहुणा आमच्याकडे आला तो आठ दिवसांसाठी. मुलाची बदली बंगळुरूला झाली आणि तिथल्या घरमालकाला म्हणे जनावरं चालत नव्हती. “जागा बदलली की घेऊन जातो,” असं सांगून मुलगा गेला. जाताना ९ वर्षांच्या नातवानं माझ्याकडून वचन घेतलं.

“आजोबा, कापशाला नीट सांभाळाल ना?”

“अरे, सरकारी कचेरीत ३१ वर्षं फायली सांभाळल्या मी. एक गहाळ झाली नाही.”

हे अक्षरशः खरं होतं. माझ्या टेबलावरून त्या हललेल्याच नव्हत्या, तर गहाळ होणार कुठून?

कापशा म्हणजे पिंजून ठेवलेल्या कापसाला दोन लांब कान आणि दोन लालबुंद डोळे लावावेत, तसा दिसे. विकणाऱ्यानं मुलाला “अस्सल न्यूझीलंडचा माल” म्हणून तो गळ्यात मारला होता. मी पुढं वाचलं, की ‘न्यूझीलंड व्हाइट’ नावाची ही जात अमेरिकेत तयार झाली. इंग्रज बोंबलाला ‘बॉम्बे डक’ म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या सौभाग्यवतीनं पहिल्या दिवशी जाहीर केलं, “मला यातलं काही सांगायचं नाही. मी हात लावणार नाही.” तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासाठी गाजराची पानं निवडून ठेवू लागली. आठव्या दिवशी भाजीत मीठ कमी असल्याचं मी सुचवलं, तेव्हा म्हणाली, “कापशा कशाला नावं ठेवत नाही.” घरातली माझी ज्येष्ठता त्या दिवशी संपली.

भाद्रपद आला. गणपती बसले. पाऊस असा लागला की चार दिवस उन्हाचं तोंड दिसलं नाही. सकाळी पूजेला बसताना पाहिलं तर २१ दूर्वांच्या दोन जुड्यांपैकी एकच ताटात. दुसरीची शेवटची काडी कापशाच्या तोंडातून आत सरकत होती.

“असू दे,” सौभाग्यवती म्हणाली. “देवाचं वाहन उंदीर. हा त्याचाच मोठा भाऊ.”

मी तिला सांगणार होतो, की शास्त्रज्ञांनी १९१२ सालीच सशाला उंदरांच्या गणातून वेगळं काढून त्याचा स्वतंत्र संसार मांडून दिला आहे. तेवढ्यात कापशा शिंकला.

पहिली शिंक फार गोड वाटते. लहान मुलाच्या खेळण्यातून हवा सुटावी, तेवढाच आवाज. आम्ही दोघंही हसलो. नातवाला ऐकवायला ती टिपूनही घेतली. दुसऱ्या दिवशी अशा वीस शिंका झाल्या. तिसऱ्या दिवशी नाक ओलं, डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी आणि श्वास घेताना आत कोणी तरी ओली पिशवी चोळतंय असा आवाज. मग मात्र हसू आलं नाही.

आपल्याकडे आजारी माणसाला एक डॉक्टर आणि चाळीस सल्लागार असतात. सशालाही हाच नियम लागू झाला. समोरच्या काकू वेखंड उगाळून घेऊन आल्या. कोणी ओव्याची पुरचुंडी शेकायला सांगितली. कोणी छातीला बाम चोळायला सांगितला. एवढ्या केसांत छाती कुठून सुरू होते, ते मात्र सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरचे अण्णा तर औषधाची बाटलीच घेऊन उतरले. त्यांच्या नातीला खोकल्यासाठी आणलेलं अँटिबायॉटिक, निम्मं उरलेलं, गोड, वासाला स्ट्रॉबेरीसारखं.

“अर्धा चमचा द्या. लहान मुलाला चालतं, मग सशाला का नाही चालणार? उगीच दोन-तीनशेच्या सशाला दोन-तीन हजारांचा डॉक्टर कशाला?”

हिशेब बिनतोड होता. ३१ वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला बिनतोड हिशेबाचा मोह पडतोच. मी चमचा हातात घेतलाही होता. पण नातवाला दिलेलं वचन आडवं आलं. मी चमचा ठेवला, कापशाला पाटीत घातलं, वर टॉवेल टाकला आणि रिक्षा बोलावली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. दवाखान्यात एक अल्सेशियन, दोन मांजरं आणि एक पोपट असे आमच्या आधीचे रुग्ण होते. अल्सेशियनकडे पाहून कापशाचा श्वास बंद पडतो की काय, असं मला वाटलं. बाईंनी त्याला आधी आत घेतलं. प्रथम त्याचे पुढचे पाय उलटे करून पाहिले. आतल्या बाजूचे केस चिकट होऊन वळले होते.

“हे पाहिलंत काका? ससा रुमाल वापरत नाही. नाक पुसतो ते असं. नाक स्वच्छ दिसलं तरी पाय चहाडी करतात.”

मग त्यांनी नळी लावून छाती ऐकली आणि मला घड्याळात बघून श्वास मोजायला शिकवलं. स्वस्थ बसलेल्या सशाचे मिनिटाला साधारण ३० ते ६० श्वास ठीक. त्याच्या वर चढत गेले आणि पोट भात्यासारखं हलायला लागलं, तर काळजी.

“आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर क्षणभरही थांबू नका. ससा नाकानंच श्वास घेतो. तोंडानं घ्यायची त्याची तयारीच नसते.”

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण ज्यानं केली त्यानं ससा पाळला नव्हता. आमचा कापशा नाक चोंदलं तरी तोंड मिटून, कान मागे टाकून गप्प बसला होता. तक्रार नाही, कण्हणं नाही. ज्याला सगळं जग खायला टपलेलं असतं, त्याला आजारी दिसणंही परवडत नाही.

मी अण्णांच्या औषधाचं नाव सांगितलं मात्र, बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“दिलंत का?”

“नाही.”

“वाचला. पेनिसिलिनच्या कुटुंबातलं औषध सशाला तोंडानं द्यायचं नसतं. त्याच्या पोटातले चांगले जंतू मरतात, नको ते माजतात आणि ससा जातो. नाकावरचं औषध आणि मरण पोटातून.”

मला घाम फुटला. चमच्याचं आणि त्या तोंडाचं अंतर वीतभर उरलं होतं.

“पिंजरा कुठं ठेवता?” बाईंनी विचारलं.

इथं मी जरा ताठ झालो. पावसाची झड लागू नये म्हणून मी पडवीतल्या पिंजऱ्याला चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला होता. गाठी माझ्या, नाडा माझा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे वारा बंद. सशाच्या मुतात जे असतं त्याचा अमोनिया होतो. तो आत कोंडला आणि यानं दिवसरात्र तोच हुंगला. नाकाच्या आतली कातडी सोलवटली, की जंतूंना दार उघडं. जंतू बहुधा आधीपासूनच नाकात असतील. पुष्कळ सशांच्या असतात.”

म्हणजे माशी मीच शिंकवली होती. फाईल पहिल्यांदाच माझ्या टेबलावरून हलली होती आणि ती अशी.

औषधं मिळाली: सशाला चालणारं अँटिबायॉटिक वजनावर मोजून, वाफाऱ्यासाठी नुसतं मिठाचं पाणी, लसूणघास बेतानं आणि वाळलेलं गवत पोटभर. आणि एक काम. “रोज लेंड्या मोजा. खाणं थांबलं आणि लेंड्या थांबल्या, तर शिंकांपेक्षा ते वाईट.”

घरी आल्यावर प्लॅस्टिक फाडून टाकलं. नातवाच्या लहानपणी दम्यासाठी घेतलेलं वाफेचं यंत्र माळ्यावरून काढलं. कापशाला खोक्यात बसवायचं, भोकातून नळी सोडायची आणि खोकं धुक्यानं भरू द्यायचं. रोज रात्री दहा वाजता आमच्या हॉलमध्ये महाबळेश्वर अवतरे आणि त्यातून दोन कान वर आलेले दिसत. मी शेजारी पुस्तक घेऊन बसे. बाईंनी जंतूचं नाव लिहून दिलं होतं: पाश्चुरेला मल्टोसिडा. ‘मल्टोसिडा’ म्हणजे पुष्कळांना मारणारा. आणि पाश्चुरेला? हे नाव कुठं तरी ऐकलेलं. दूध तापवणाऱ्या पाश्चरबोवांचा या सशाच्या शेंबडाशी काय संबंध? या प्रश्नानं मी इतिहासात शिरलो. तो इतिहास वाचून कापशासमोर मान वर करायची सोय राहिली नाही.

लुई पाश्चर १८७९ च्या सुमाराला कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या मागं लागला होता. त्या रोगाचा जंतू त्यानं कोंबडीच्या रश्शात वाढवला. जुनी, शिळी झालेली पैदास टोचली तर कोंबड्या मरत नाहीत. उलट नंतर ताजी टोचली तरी तगतात, हे त्याच्या लक्षात आलं. १८८० मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. प्रयोगशाळेत जंतू दुबळा करून लस बनवायची विद्या इथून सुरू झाली. तो जंतू हाच. १८८७ मध्ये ट्रेव्हिसान नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं पाश्चरच्या सन्मानार्थ त्याच्या कुळाला पाश्चुरेला नाव दिलं. आपल्याकडे थोर माणसाचं नाव रस्त्याला देतात. तिकडे रोगजंतूला देतात. कोणता सन्मान जास्त टिकाऊ, हे आपल्या रस्त्यांकडे पाहून ठरवावं.

पण १८८७ सालाची खरी गंमत पुढंच आहे. टॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदारानं १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियात इंग्लंडहून आणलेले दोन डझन ससे सोडले होते. पाहुण्यांनी तिथं असा संसार थाटला, की पंचवीस-तीस वर्षांत शेतं, कुरणं फस्त होऊ लागली. तेव्हा न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं १८८७ मध्ये जाहीर केलं: सशांचा बंदोबस्त करून दाखवील त्याला २५,००० पौंड. जगभरातल्या डोकेबाज माणसांच्या तोंडाला पाणी सुटलं. पॅरिसात पाश्चरला त्या वेळी आपल्या संस्थेसाठी पैसा हवाच होता. त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहून उपाय सुचवला: माझा कोंबड्यांचा जंतू सशांना चारा.

ते पत्र वाचून रँस गावाहून शॅम्पेनवाल्या मादाम पोमरींचा निरोप आला. त्यांच्या दारूच्या तळघरांवरच्या कुंपणातल्या कुरणात शिकारीसाठी सोडलेले ससे बेसुमार वाढून जमीन पोखरत होते. पाश्चरनं आपल्या पत्नीच्या भाच्याला, आद्रियाँ लुआरला, डिसेंबरात तिकडे धाडलं. त्यानं कुरणात घास पसरला आणि त्यावर जंतूंचा रस्सा शिंपडला. ससे आले, त्यांनी खाल्लं आणि थोड्याच दिवसांत कुरण ओस पडलं.

तो घास कसला होता माहीत आहे? लसूणघास. मी पुस्तक मिटून खोक्याकडे पाहिलं. संध्याकाळी मंडईतून आणलेली लसूणघासाची जुडी शेजारीच पडली होती. कापशा ती हुंगत होता आणि खात नव्हता. त्याला घराण्याचा इतिहास ठाऊक असावा.

१८८८ मध्ये लुआर जंतू घेऊन सिडनीला पोचला. तिथल्या खाडीतल्या रॉड बेटावर त्याच्यासाठी प्रयोगशाळा बांधली गेली. खायला घातलं त्या सशांपुरता प्रयोग उत्तम झाला. पण आजारी सशापासून निरोगी सशाला रोग हवा तसा पसरेना. शिवाय हा कोंबड्यांचाच जंतू. लोकांच्या कोंबड्या आणि रानातली पाखरं मेली म्हणजे? कमिशननं नकार दिला. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढं १८९१ मध्ये त्याच बेटावर सारा बर्नहार्ट या जगप्रसिद्ध नटीची कुत्री सरकारी नियमानं वेगळी ठेवली होती म्हणतात. सरकारी इमारत बांधली एकासाठी आणि वापरली दुसऱ्यासाठी, हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं.

पाश्चरचा हा वार चुकला म्हणून माणूस थांबला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियानं १९०१ ते १९०७ मध्ये सशांविरुद्ध १,८०० किलोमीटरांहून लांब कुंपण घातलं. १९५० मध्ये तिथं मुद्दाम दुसरा, विषाणूचा रोग सोडला. त्यात मात्र ससे कोट्यवधींनी मेले. एकीकडे ऑस्ट्रेलियाला ससे कसे मारावेत ही विवंचना, तर दुसरीकडे न्यूयॉर्कला रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली वेबस्टर १९२० नंतरच्या वर्षांत नेमका कापशाचाच रोग, सशांचं हे नाकाचं दुखणं, अभ्यासत होता. पाळलेल्या सशांत ते कसं येतं-जातं, आणि निरोगी दिसणारा ससाही नाकात जंतू बाळगून कसा असतो, हे त्यानं नोंदून ठेवलं. कारण प्रयोगशाळांना ससे जिवंत हवे होते. त्यांना मारायचं होतं ते नंतर, पद्धतशीर.

हे प्रयोगशाळेचं प्रकरण मी वाचायला नको होतं. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोसेफ मीस्टर या मुलाला पाश्चरनं लस टोचायला सुरुवात केली आणि पोरगा वाचला, हे आपण शाळेत शिकलो. ती लस कशाची होती? त्याच रोगानं मेलेल्या सशांच्या पाठीच्या कण्यातला रज्जू काढून, बाटलीत टांगून वाळवलेला. पुस्तकात पाश्चरचं चित्र होतं, मीस्टरचं होतं. सशाचं नव्हतं. मीस्टर तेव्हा ९ वर्षांचा होता, माझ्या नातवाएवढा.

आणि मग पान उलटलं तर मीच निघालो. मी रोज सकाळी इन्सुलिन टोचून घेतो. ते टोरांटोत शोधलं गेलं आणि १९२२ मध्ये माणसाला पहिल्यांदा दिलं, एवढं ठाऊक होतं. पण ‘युनिट’ कुठून आलं? तर सुरुवातीला २४ तास उपाशी ठेवलेल्या, दोन किलो वजनाच्या सशाच्या रक्तातली साखर आकडी येण्याइतकी खाली नेणारी मात्रा, म्हणजे एक युनिट. पुढं ते लहान केलं, पण मोजायची सुरुवात सशावर. मी उठून फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात माझं इन्सुलिन आणि शेजारी कापशाचं औषध. इतकी वर्षं मी १४ युनिट, १६ युनिट म्हणत होतो. म्हणजे १४ ससे, १६ ससे मोजत होतो म्हणायचं.

सहाव्या रात्री कापशानं वाफारा घेतला, पण पाल्याला तोंड लावलं नाही. पिंजऱ्याखालचा कागद कोरा. सकाळपासून कोरा. मी कागद उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, “सकाळची वाट पाहू नका. आत्ता या.”

रात्री अकरा वाजता, विसर्जनाच्या मिरवणुकीतून वाट काढत, रिक्षात मी, सौभाग्यवती आणि तिच्या शालीत कापशा. रिक्षावाल्यानं विचारलं, “बाळाला काय झालं?” आम्ही दोघंही “सर्दी” म्हणालो आणि गप्प बसलो. बाईंनी कातडीखाली सलाइन भरलं, इंजेक्शन दिलं आणि गवताच्या पिठाची पेज पिचकारीतून भरवायला शिकवलं. “उताणा करायचा नाही. बाजूनं, थेंबाथेंबानं. घाई केलीत तर श्वासात जाईल. त्याला उलटी करता येत नाही, आणि आता श्वासाची चैन नाही.”

त्या रात्री आम्ही पाळीपाळीनं पेज भरवली. दोन वाजता सौभाग्यवतीची पाळी होती, पण माझ्या पाळीतही ती उठलेलीच होती. चारच्या सुमाराला म्हणाली, “अहो, गेला तर पोराला काय सांगायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लॅस्टिकच्या गाठी मी बांधल्या होत्या, हे तिनं एकदाही काढलं नाही. ४४ वर्षांच्या संसारात एवढी मोठी संधी तिनं प्रथमच सोडली.

पावणेसहाला कागदावर टप्प असा आवाज झाला. वाटाण्याएवढी, काळपट, गोल. मग दुसरी. मग तिसरी. सौभाग्यवतीनं देवापुढे निरांजन लावलं. मी वहीत लिहिलं: ‘लेंड्या ३.’ कचेरीतल्या ३१ वर्षांत एवढ्या आनंदानं मी कोणतीही नोंद केली नव्हती. दूध घ्यायला दार उघडलं तर जिन्यात अण्णा. “कसा आहे?” त्यांनी विचारलं. मी तीन बोटं दाखवली. त्यांना काहीच कळलं नाही, पण तेही हसले.

कापशा वाचला. बरा झाला असं म्हणता येणार नाही. बाई म्हणाल्या, हा जंतू नाकातून सहसा पुरता जात नाही, दबून राहतो. जागा कोरडी, वारा खेळता, गवत भरपूर आणि लक्ष कायम, एवढं आपल्या हातात. म्हणून तो अधूनमधून शिंकतो. दिवसातून चार-पाच वेळा. आता आम्ही हसत नाही, घाबरतही नाही. फक्त ज्या कोणाच्या बोलण्यात शिंक पडेल त्याला दुसरा “सत्य आहे” म्हणतो. सौभाग्यवतीच्या बोलण्यात त्या जास्त पडतात, हा निव्वळ योगायोग.

परवा बंगळुरूहून फोन आला. नवी जागा मिळाली, जनावरं चालतात, दिवाळीत कापशाला न्यायला येतो म्हणून. नातू पलीकडून आनंदानं ओरडत होता. फोन ठेवल्यावर घरात जरा शांतता झाली. सौभाग्यवती गवत निवडत बसली होती, वर पाहीना.

“बरं झालं,” मी म्हटलं. “सुटलो. रोजचं ते धुकं, त्या लेंड्या, ती वही. घेऊन जाऊ देत. आपल्याला काय!”

आणि दोघंही कापशाकडे बघत थांबलो. त्यानं नाक हलवलं, मिशा हलवल्या, पुढच्या पायानं तोंड पुसलं.

एरवी ऊठसूट शिंकणारा तो ससा, त्या वेळी काही शिंकला नाही.